अकराव्या रकान्यातलं नाव

माझ्या भावाच्या मुलीचं नाव मी ठेवलं तेव्हा कुणाला विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. आमच्या टोंगा बेटांवर भावाच्या पोरांची नावं आत्या ठेवते. बापाचा शब्द खाली, आईचा त्याहून खाली, आत्याचा सगळ्यांच्या वर. पोरगी जन्मली चौदा ऑगस्टला, म्हणजे माझ्याच वाढदिवसाला, फक्त अडतीस वर्षं उशिरा. मी तेव्हाही इथे सिडनीतच होते. फोन करून सांगितलं, "तोआकासे. तोआकासे लोलोहेआ." माझंच नाव, माझ्या बापाच्या आडनावासकट. पलीकडे भावजय होती, ती "बरं" म्हणाली. तिच्या मनात तिच्या आजीचं नाव होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी घाईनं फोन केला होता.

आता मी बासष्ट वर्षांची आहे आणि माझं बरं चाललंय. माउंट ड्रुइटला घर आहे, त्याचं छप्पर गळत नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं उभी राहिले, तरी गुडघे माझं ऐकतात. रविवारी चर्चमध्ये बायकांच्या रांगेत मी पहिली बसते आणि कुणाचा सूर खाली गेला की मान न वळवता ओळखते. धाकटी तोआकासे सतराव्या वर्षी माझ्याकडे आली, इथेच नर्सिंग शिकली. घरात मला मोठी म्हणतात आणि तिला धाकटी, म्हणजे घोटाळा होत नाही.

तिचा बाप, माझा भाऊ इनोके, तिच्या मागोमाग आला. तो मागच्या अंगणातल्या खोलीत राहतो. बहीण बसली असेल तिथे भावानं ऐसपैस बसू नये, अशी आमची रीत आहे. इनोके त्याच्याही पुढचा, तो आतच येत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभा राहून बोलतो. गेली सात वर्षं मी माझ्या भावाला जाळीतून बघते आहे, आणि आमचं एकदाही भांडण झालेलं नाही.

तर मंगळवारी पत्र आलं. टॅक्सच्या कचेरीचं.

धाकटीला डब्बोच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. डब्बो इथून पाच तासांवर. सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिची बॅग भरून दारात उभी होती आणि मी रोज तिच्यात काहीतरी कोंबत होते. तिनं उभ्या उभ्याच पत्र फोडलं, वाचलं आणि हसायला लागली.

"आत्या, ऐका. तोआकासे लोलोहेआ, जन्म एकोणीसशे एकसष्ट, आणि तोआकासे लोलोहेआ, जन्म नव्याण्णव, या दोघी एकच बाई आहेत असं त्यांच्या लक्षात आलंय. म्हणून त्यांनी दोन्ही नोंदी एकत्र केल्यात. माझा टॅक्सचा नंबर बंद. मी आता बासष्ट वर्षांची आहे."

"दिसत नाहीस," मी म्हटलं.

ती आणखी हसली. मी हसले नाही. त्याला कारण होतं, ते मी पुढे सांगते.

संध्याकाळपर्यंत तिचंही हसू गेलं. हॉस्पिटलकडून निरोप आला की तुमचा नंबर एका वयस्कर बाईचा निघतोय, ओळख पटेपर्यंत रुजू करून घेता येणार नाही, आणि सोमवार टळला तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू. धाकटीनं टॅक्सवाल्यांना फोन लावला. दीड तास नुसतं संगीत. मग एक माणूस आला आणि त्यानं सांगितलं की वेगळं करायला आठ आठवडे लागतील.

जेवायला मी लू केला होता, अळूच्या पानांत खारं मांस आणि नारळाचं दूध. तिला तो इतका आवडतो की ती बोलायचं विसरते. त्या दिवशी विसरली नाही.

"तो माणूस म्हणाला, एक सोपा रस्ता आहे," ती ताटाकडे बघत म्हणाली. "मी नाव बदललं आणि बदलाचा कागद दाखवला, तर नवी नोंद दोन दिवसांत होते."

"काय नाव?"

"कॉलेजात मला सगळे टेसा म्हणतात."

"कोण सगळे?"

"सगळेच. त्यांना तोआकासे म्हणता येत नाही. टेसा लोलोहेआ. वाईट नाही वाटत, आत्या."

"कुत्रीला छान आहे," मी म्हटलं. "हाक मारली की लगेच येईल."

तिनं चमचा खाली ठेवला. ती कधी उलट बोलत नाही. आमच्याकडे आत्याला उलट बोलत नाहीत, आणि ती तर मुळातच शांत आहे, आईवर गेली आहे. "मला ती नोकरी हवी आहे," एवढंच म्हणाली. "तीन वर्षं मी त्यासाठी रात्रपाळ्या केल्या. नावाचं काय, घरात तुम्ही मला तसंही धाकटीच म्हणता."

मी तिच्या ताटात आणखी लू वाढला. तिनं तो खाल्ला, पण टेसा मागे घेतलं नाही.

आता मी का हसले नाही ते सांगते. माझा नवरा सेमिसी दोन वर्षांपूर्वी गेला. चांगला माणूस होता, चांगला गायचा. त्याच्या नावानं मी छत्तीस वर्षं मिसेस माका राहिले. तो गेल्यावर मला वाटलं, आता बापाचं नाव परत घ्यावं, मरताना आपण आपल्या घरचं मरावं. सगळीकडे कागद बदलले. टॅक्सच्या कचेरीचाही एक फॉर्म होता, चार पानी. धाकटी तेव्हा परीक्षेच्या गडबडीत होती. तिला विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. इंग्रजी शिकले ती कारखान्यात, आणि तिथे फॉर्म नव्हते, कोंबड्या होत्या. पण माझं नाव, माझा जन्म, माझा पत्ता मला लिहिता येतो, मग कुणाच्या पाया का पडायचं.

अकराव्या रकान्यात एक प्रश्न होता. त्यातले तीन शब्द मला कळले: दुसरं, नाव, वापर. मी विचार केला, हे विचारतायत की तुमचं नाव दुसरं कुणी वापरतं का. मला फार आवडला तो प्रश्न. सरकारनं असलं शहाणं काही विचारलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी 'होय'वर खूण केली. खाली रेघा होत्या, त्यांवर धाकटीचं पूर्ण नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्ता लिहिला, आणि जागा उरली म्हणून एक वाक्यही लिहिलं. मग सही केली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकला.

मंगळवारी पत्र ऐकताना मला कळलं की त्यांनी काय विचारलं होतं. तुम्ही स्वतः दुसरं कुठलं नाव वापरता का, असं विचारलं होतं.

म्हणजे चूक त्यांचीही होतीच. नव्याण्णवात जन्मलेली बाई एकसष्टातही कशी जन्मेल, हे कुणीतरी बघायला नको का? तारीख तीच, महिना तोच, तेव्हा साल लिहिताना म्हातारीचा हात चुकला असं धरून मोकळे झाले. पण दार उघडून दिलं होतं मी. आणि हे मी धाकटीला सांगितलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही.

बुधवारी सकाळी मी भांडी घासत होते तर खिडकीत इनोके. हातात परसातले दोन सुरण. ते उगाच आणले होते. त्याला बोलायचं असलं की तो काहीतरी उपटून आणतो.

"ताई, पोरीनं सांगितलं."

"मग?"

"काही नाही."

"काही नाही सांगायला दोन सुरण आणलेस?"

त्यानं सुरण खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, नीट, एकाला एक लावून. "ताई, नाव तुम्ही ठेवलंत तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मी काही बोललो नाही. आताही बोलत नाही."

आणि गेला. सात वर्षांत तो मला इतकं टोचून कधी बोलला नव्हता. मी हातातला तवा दोनदा घासला.

दुपारी मी धाकटीला म्हटलं, "उद्या कचेरीत जायचं. मी येते."

"आत्या, तिथे भांडून काही होत नाही."

"मी भांडायला येत नाही. दोन बायका एक आहेत म्हणतात ना, तर दोन्ही समोर उभ्या करू. मोजता येत असतील तर मोजतील."

गुरुवारी मी काळा पोशाख केला आणि कमरेला ताओवाला बांधला, माझ्या आईच्या हातची विणलेली चटई. मोठ्या माणसासमोर जाताना आम्ही ती बांधतोच. धाकटीनंही बांधली, न सांगता. आगगाडीत एक पोर आमच्याकडे बघून आईला म्हणालं की या बायकांनी पायपुसणं का गुंडाळलंय. मी त्याच्याकडे बघितल्यावर ते आईच्या मागे गेलं.

कचेरीत टोकन घेऊन बसलो. एका बाईनं नाव पुकारलं, तोडून तोडून, "तो-आ-का-से." आम्ही दोघी उठलो. बाईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग कागदाकडे.

"एकच जण या," ती म्हणाली.

"तुमच्या हिशेबानं आम्ही एकच आहोत," मी म्हटलं. "चला."

तिचं नाव मिसेस खूरी. लेबनॉनची, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला. टेबलावर घरून आणलेला डबा, त्यावर झाकण म्हणून बशी. मला बाई पसंत पडली, पण मी ते दाखवलं नाही. धाकटीनं सगळं सांगितलं, सोमवार सांगितला, हॉस्पिटल सांगितलं, पासपोर्ट काढून ठेवला. मी माझा ठेवला. मिसेस खूरीनं दोन्ही उघडून शेजारी शेजारी धरले.

"हे तर आंधळ्यालाही दिसेल," ती म्हणाली. "कुणी केलं हे?" आणि कॉम्प्युटरवर शोधायला लागली. शोधता शोधता विचारलं, "तुमचं नातं काय?"

धाकटीनं इंग्रजीत सांगितलं, आंट.

"आंट नाही," मी म्हटलं. "आंट म्हणजे तुमच्याकडे मावशी पण, काकू पण, मामी पण. सगळ्या एका पिशवीत. मी आत्या आहे. बापाची बहीण. हिच्या घरात माझ्यावर कुणी नाही."

मिसेस खूरी थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आमच्या अरबीतही आत्याचा शब्द वेगळा आहे, मावशीचा वेगळा. माझी आत्या मेली तरी अजून मी तिला घाबरते." मग पडद्याकडे बोट केलं. "याला मात्र एकच शब्द येतो." आणि पुन्हा शोधायला लागली.

मग तिनं चष्मा वर सरकवला, आणि मला कळलं की तिला सापडलं.

तिनं पडदा आमच्याकडे वळवला. माझा फॉर्म होता, माझ्याच निळ्या शाईत, तिसरं पान. अकराव्या रकान्यात 'होय'वर मोठी खूण. धाकटी वाकून वाचायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

"आत्या," ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, पोस्टमननं लिहिलं."

"आणि हे खाली?" तिनं वाचून दाखवलं. माझं इंग्रजी जसं होतं तसं, अडखळत: "'हे नाव माझं आहे. मी तिला घालायला दिलंय.'"

मिसेस खूरीनं तोंडावर हात धरला. खोकला आल्यासारखं केलं. धाकटी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता ही चिडेल, चिडलेली बरी. पण ती चिडलीही नाही.

"मंगळवारपासून तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"आणि मी टेसा होणार म्हटलं तेव्हाही."

"तेव्हाही."

भावाच्या पोरीची माफी कशी मागतात, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवलेलंच नाही. ती वेळ आत्यावर येते असं कुणी धरलेलं नाही.

मिसेस खूरीनं मधे पडून काम सांगितलं. आठ आठवडे लागणार नाहीत, ती म्हणाली. नोंदी एकत्र झाल्या त्या माझ्या सहीच्या कागदावरून, तेव्हा मीच लिहून दिलं की तो मजकूर चूक आहे, तर ती आजच्या आज वेगळ्या करू शकते. तिनं एक कागद छापला. त्यावर एक ओळ होती: अकराव्या रकान्यात लिहिलेलं नाव माझं नाही.

धाकटीनं मला ती टोंगनमध्ये समजावून सांगितली. मी पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे."

"आत्या, ती नुसती ओळ आहे."

"ते नाव माझं आहे. माझ्या आत्यानं मला दिलं, तिला तिच्या आत्यानं. माझं नाही असं मी लिहून देणार नाही. सही करून तर मुळीच नाही."

"बाई," मिसेस खूरी म्हणाली, "हे नाही लिहिलंत तर मला काही करता येणार नाही. मग आठ आठवडे."

माझ्या मागे एक म्हातारा टोकन हातात धरून सुस्कारे टाकत होता. धाकटीनं तिचा पासपोर्ट उचलला, बंद केला आणि पिशवीत ठेवायला लागली. शांतपणे, जराही न आपटता. "असू दे," ती मला म्हणाली. "खरंच. मी टेसा होते. मला चालेल." आणि ती खरं बोलत होती. तिला चाललं असतं. उद्या ती नाव बदलून आली असती, शनिवारी बॅग घेऊन गेली असती, दर रविवारी मला फोन केला असता, आणि मला काही बोलायला जागा ठेवली नसती.

मी तिच्या हाताकडे बघितलं. पासपोर्ट पिशवीत जात होता आणि त्यावर माझं नाव होतं. माझं कसलं. इथे सात वर्षं ते नाव कॉलेजात कुणाला उच्चारता आलं नाही ते तिनं ऐकलं, चुकीचं लिहिलं गेलं ते तिनं दुरुस्त केलं, रात्रपाळीला छातीवर तिनं लावलं. मी फक्त फोन केला होता. माझ्या हातून किती लग्नांत, किती मर्तिकांत आहेराच्या चटया गेल्या. घेणाऱ्याच्या दारात जाऊन मी कधी म्हटलं नाही की ही माझी चटई, तुम्हाला नुसती वापरायला दिली आहे. म्हटलं असतं तर लोक तोंडावर काही बोलले नसते, पण माझ्या मागे सगळं गाव हसलं असतं.

"कोरा कागद द्या," मी मिसेस खूरीला म्हटलं.

"का?"

"तुमची ओळ तुम्ही ठेवा. मी माझी लिहिते."

तिनं दिला. मी टोंगनमध्ये लिहिलं, कारण खरं लिहायचं तर मला त्याच भाषेत येतं. धाकटीला म्हटलं, आता हे इंग्रजीत खाली लिही, एकही शब्द इकडे तिकडे न करता. तिनं वाचलं. वाचून खाली मान घातली आणि बराच वेळ लिहिलंच नाही. मिसेस खूरीनं कुणाकडे न बघता कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

मी लिहिलं होतं: अकराव्या रकान्यातलं नाव तोआकासेचं आहे. ते तिला दिलेलं आहे, आता ते तिचं स्वतःचं आहे, आणि मी ते परत मागत नाही.

मिसेस खूरीनं इंग्रजी वाचलं. "कुठल्या तोआकासेचं?"

"काय?"

"तुम्ही दोघीही तोआकासे. माझ्या साहेबांनी वाचलं तर पुन्हा तुम्हाला एक करतील."

तेव्हा धाकटी हसली. डोळे पुसत पुसत, इतकी हसली की मागचा म्हाताराही वाकून बघायला लागला. मी पेन घेतलं आणि ओळीच्या शेवटी लिहिलं: एकोणीसशे नव्याण्णवची. मी दुसरी आहे. मग सही केली. पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता.

चाळीस मिनिटांनी नंबर वेगळे झाले. मिसेस खूरीनं कागद हातात दिला आणि मला म्हणाली, "आता कुठलाही फॉर्म भरायचा असला, तर आधी हिला दाखवा."

"तुम्ही तुमच्या आत्याला असं सांगितलं असतंत?"

"नाही," ती म्हणाली. "हिंमत झाली नसती."

बाहेर आल्यावर धाकटीनं दोन मीट-पाय आणल्या, मांस भरून भाजलेल्या मैद्याच्या वाट्या, आणि आम्ही स्टेशनच्या बाकावर बसून खाल्ल्या. अर्धी खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "आत्या, माझ्या आईला खरं तर काय नाव ठेवायचं होतं?"

"अनासेइनी."

तिनं जरा विचार केला. "अनासेइनीचं इथल्या लोकांनी काय केलं असतं?"

"ॲनी."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि उरलेली अर्धी खाल्ली.

शनिवारी ती गेली. इनोके तिला सोडायला निघाला तेव्हा गाडीच्या काचेतून मला म्हणाला, "ताई, सुरण शिजवलेत का?" मी म्हटलं, कधीच शिजवले, आणि खाल्लेही. तो हसला. सुरणांबरोबर आणलेलं त्याचं बोलणंही मी गिळलं, हे त्याला कळलं.

सोमवारी दुपारी तिचा फोटो आला. निळा गणवेश, केस वर बांधलेले, छातीवर नवा बिल्ला. खाली लिहिलं होतं की मोठ्या नर्सनं विचारलं, तुला काय म्हणायचं, टेसा चालेल का, बिल्ल्यावर बसायला सोपं पडेल. हिनं सांगितलं, नाही, पूर्णच लिहा, आणि मग पाच मिनिटं उभं राहून तिला उच्चार शिकवला.

मी चष्मा लावून फोटो मोठा केला. तोआकासे लोलोहेआ. अक्षरं फार बारीक काढावी लागली आहेत, आणि शेवटचं तर अगदी कडेला जाऊन चिकटलंय. पण आहेत सगळी. मी दोनदा मोजली.